ताईचा लॅपटॉप

२३ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. भाऊबीज. कोरेगाव

बटण दाबल्यापासून पासवर्डच्या पडद्यापर्यंत दोन मिनिटं दहा सेकंद. पासवर्ड टाकल्यावर ब्राउझर हाताशी येईपर्यंत आणखी पाच मिनिटं. 'बंद कर' म्हटल्यापासून दिवा विझेपर्यंत तीन मिनिटं चाळीस सेकंद. फराळाचं ताट बाजूला सारून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर या वेळा घेतल्या. बटण दाबल्यावर कंपनीचं चिन्ह मात्र दहा सेकंदांच्या आत दिसतं. म्हणजे मदरबोर्डची सुरुवातीची तपासणी ठीक आहे, जे काही अडतंय ते त्याच्या पुढे.

ताई द्विशिक्षकी शाळेत आहे. वर्ग सांभाळून पोर्टलवरची माहिती, पोषण आहाराचे हिशेब, निकालपत्रकं, सगळं याच लॅपटॉपवर करायचं असतं. २०१८ साली हप्त्यांवर घेतला होता. सातव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, एक टीबीची फिरती हार्ड डिस्क. संध्याकाळी लाइट गेली की बॅटरी जेमतेम काही मिनिटं तग धरते, आणि बंद व्हायलाच इतका वेळ लागतो म्हणून ती सरळ बटण दाबून धरते. लिहिणं अर्धवट असताना वीज तुटली की फाइलींची मांडणी बिघडू शकते.

पण मनाला लागलं ते तिचं बोलणं. "मला कॉम्प्युटर जमतच नाही रे. मी हात लावला की अडकतो. सरांनी केलं की होतं." सर म्हणजे शाळेतले दुसरे शिक्षक. तरुण आहेत, त्यांचा स्वतःचा लॅपटॉप नवा आहे. गेली काही वर्षं ती कागदावर आकडे लिहून देते आणि भरतात ते. यंत्राच्या सुस्तीचा दोष माझी हुशार बहीण स्वतःकडे घेऊन बसली आहे. लॅपटॉप घेऊन साताऱ्याला निघालो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आधी तिची कागदपत्रं, फोटो, मुलांच्या याद्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या. दुरुस्ती नंतर. डिस्क आजारी असेल तर प्रत्येक वेळी लॅपटॉप सुरू करणं म्हणजे तिच्या आयुष्यातून काहीतरी खर्च करणं.

मग टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की उघडतो. प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांवर, रॅम जवळजवळ भरलेली, आणि डिस्क शंभर टक्के. हा शंभराचा आकडा मिनिटामागून मिनिट हलत नाही. दुकानात गेलं तर 'प्रोसेसर जुना झाला' म्हणतील, पण प्रोसेसर इथे नुसता वाट बघतोय.

त्यामागचा हिशेब साधा आहे. लॅपटॉपमधली ही डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला अकरा मिलिसेकंद. हवी ती जागा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा धरला तर साडेपाच मिलिसेकंद, आणि डोकं एका वर्तुळावरून दुसऱ्यावर सरकायला साधारण बारा. एका वाचनाला सतरा-अठरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साठच्या आतच वाचनं. सलग पडलेली मोठी फाइल ही डिस्क झपाट्यानं वाचते. पण विंडोज सुरू होताना हजारो छोटे तुकडे लागतात, आणि ते इकडेतिकडे विखुरलेले असतात. दहा हजार तुकडे धरले तरी तीन मिनिटं नुसत्या धावपळीत जातात. पंगत तीनशे पानांची आणि वाढपी एकच. रॅम कमी असल्यानं विंडोज मधूनच काही भाग डिस्कवर काढून ठेवतं, तोही भार याच वाढप्यावर.

स्टार्टअपच्या यादीत प्रिंटरचा मदतनीस, व्हिडिओ मीटिंगची दोन सॉफ्टवेअर, गाण्यांचं एक, मोबाइल जोडायचं एक. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्गासाठी घेतलेलं अजून रोज सकाळी उठून बसतंय. ही सगळी तिथून बंद केली. बंद म्हणजे काढून टाकली नाहीत, हवी तेव्हा उघडता येतील. मुदत संपलेला एक अँटिव्हायरस होता, तो मात्र पूर्ण काढला. तो गेल्यावर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप कामाला लागतो.

एक बदल, मग मोजणी, मग दुसरा बदल. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर नेमकं कशानं सुधारलं ते कळत नाही, आणि बिघडलं तर मागे कुठे जायचं तेही नाही. संध्याकाळी पासवर्डनंतरची पाच मिनिटं तीनवर आली. पासवर्डच्या आधीची दोन मिनिटं तशीच.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आजचा दिवस बंद होण्यावर. चालू होताना डिस्क वाचते. बंद होताना पण तीन मिनिटं चाळीस सेकंद कशाला?

विंडोज याची नोंद ठेवतं, फारसं कुणी बघत नाही एवढंच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डायग्नॉस्टिक्स परफॉर्मन्स' नावाची वही आहे. तिथे १०० क्रमांकाची नोंद म्हणजे सुरू व्हायला लागलेला वेळ आणि २०० क्रमांकाची म्हणजे बंद व्हायला लागलेला, दोन्ही मिलिसेकंदांत. प्रिंटरची एक सेवा बंद होताना रेंगाळते, हे तिथे कळलं. तिची नवी आवृत्ती टाकल्यावर अर्धं मिनिट वाचलं. उरलेल्या तीन मिनिटांतल्या मोठ्या भागाचं कारण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या कोठारात, सापडलं.

रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवरची पेजफाइल वापरतं. ही फाइल दर वेळी बंद होताना शून्यांनी पुसून काढायची, अशी एक सोय आहे. गोपनीय काम चालतं अशा ठिकाणी तिला अर्थ आहे, कारण रॅममधल्या मजकुराचे अंश पेजफाइलमध्ये राहून जाऊ शकतात. एरवी ती बंद असते. ताईच्या लॅपटॉपवर चालू होती. कधीतरी कुणीतरी 'लॅपटॉप सुसाट करा' छापाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं, बहुधा त्याचाच हा उद्योग. पेजफाइल सहा-सात जीबीची. ही दमलेली डिस्क सेकंदाला पन्नास एमबी लिहील असं धरलं, तर नुसतं पुसायलाच दोन मिनिटांहून जास्त. रजिस्ट्रीतल्या त्या नोंदीत एकाचा शून्य केला आणि पुन्हा मोजलं. एक मिनिट पाच सेकंद.

बंद होताना सेवांना आवरायला विंडोज पाच सेकंद देतं. हा अवधी एक-दोन सेकंदांवर आणा, असा सल्ला सर्रास फिरतो. मी हात लावला नाही. त्या पाच सेकंदांत एखादी सेवा शेवटचं काही लिहीत असते, तिचा हात मध्येच ओढून काय मिळवायचं?

आणखी एक गोष्ट ताईला सांगायची आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. ते चालू असेल तर 'शट डाउन' म्हणजे पुरतं बंद होणं नसतं. तुमचे प्रोग्राम मिटतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. त्यामुळे काही अडकलं की 'बंद करून चालू कर' म्हणण्याऐवजी 'रिस्टार्ट कर' म्हणावं. रिस्टार्टमध्ये सगळं नव्यानं उभं राहतं. तिच्या लॅपटॉपवर ते आधीपासूनच बंद आहे आणि मी तसंच ठेवणार.

२७ ऑक्टोबर, सोमवार

डिस्कची प्रकृती क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पाहिली. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तक्रारी 'स्मार्ट' नावाच्या तक्त्यात लिहून ठेवते. १९७ क्रमांकाच्या ओळीत शून्याऐवजी आकडा आहे. वाचताना अडलेल्या आणि निकाल लागायचा बाकी असलेल्या जागांची ही संख्या. अशा जागेपाशी डिस्क पुन्हा पुन्हा वाचून बघते आणि तोवर सगळं ताटकळतं. पासवर्डच्या आधीची दोन मिनिटं का हलत नव्हती, त्याचं उत्तर बहुधा इथे आहे.

डिस्क बदलायची. ४८० जीबीची साटा एसएसडी आणि चार जीबी रॅमची एक पट्टी, कारण एक खाच रिकामी आहे. ही माझी भाऊबीज, असं ताईला फोनवर सांगून टाकलं. दोन्ही मिळून नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे किरकोळ. कीबोर्ड, पडदा, प्रोसेसर, सगळं धड असताना पूर्ण यंत्र भंगारात काढणं मला पटत नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

मागचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवली, मगच बाकीचं. पंख्यातली धूळ झटकली. एसएसडी जुन्या डिस्कच्याच चौकटीत बसली.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करायची नाही, हे ठरवलंच होतं. वाचताना अडणाऱ्या डिस्कवरून नक्कल केली की बिघाडही सोबत येतो. विंडोज नव्यानं टाकलं. परवान्याची नोंद मदरबोर्डशी जोडलेली असते, त्यामुळे इंटरनेट लागल्यावर ते आपोआप मान्य झालं.

विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही, त्याला इंटेलची आठवी पिढी लागते. विंडोज १० चा आधार याच महिन्याच्या १४ तारखेला संपला. मात्र नाव नोंदवलं तर घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. नोंदणी केली. पुढच्या दिवाळीत लिनक्स मिंट टाकून बघू. तिचं बरंचसं काम ब्राउझरमध्येच असतं.

फाइली उतरत असताना एक जुनी हकिगत आठवली. १९८३ मध्ये ॲपलमध्ये मॅकिंटॉश घडत होता, तेव्हा स्टीव्ह जॉब्स लॅरी केन्यन या अभियंत्याकडे सुरू व्हायला लागणाऱ्या वेळाची तक्रार घेऊन गेला. त्याच चमूतल्या अँडी हर्ट्झफेल्डनं ती लिहून ठेवली आहे. पन्नास लाख लोक हे यंत्र वापरतील, दहा सेकंद वाचवलेस तर रोजचे पाच कोटी सेकंद होतील, म्हणजे वर्षाला कित्येक माणसांची आयुष्यं, असा जॉब्सचा युक्तिवाद. पाच कोटी सेकंद म्हणजे ५७८ दिवस, दीड वर्षाहून अधिक, आणि तेही रोज. केन्यननं पुढच्या काही महिन्यांत दहा सेकंदांहून जास्त कमी करून दाखवले. ताईची तर रोजची दहा-अकरा मिनिटं जात होती, आणि तीही वर्गात पोरं समोर बसलेली असताना.

रात्रीची मोजणी: पासवर्डपर्यंत तेरा सेकंद, ब्राउझर उघडून हाताशी यायला आणखी नऊ. बंद व्हायला आठ.

२ नोव्हेंबर, रविवार. कोरेगाव

लॅपटॉप दिला. जुनी डिस्क मी पिशवीत वेगळी आणली. सगळ्या फाइली नीट आल्यात, हे ताईनं एकेक उघडून पाहीपर्यंत ती कपाटात राहील आणि मग पूर्ण पुसून फोडायची. तिच्यावर मुलांचे आधार क्रमांक आहेत, पालकांचे खातेक्रमांक आहेत, अशी डिस्क भंगारवाल्याला देता येणार नाही. नवी बॅटरी मागवली आहे, ती येईपर्यंत चार्जर लावूनच काम.

निकालपत्रकाची एक्सेल शीट ताईनं स्वतः उघडली. एकूण गुणांचा रकाना आजवर ती कॅल्क्युलेटरवर करून भरायची. बेरजेचं सूत्र एकदा दाखवलं, पुढच्या ओळींत तिनं ते ओढून नेलं आणि टक्क्यांचं सूत्र न विचारता लिहिलं. मी म्हटलं, "ताई, तुला जमत नव्हतं असं कोण म्हणालं?" ती काही बोलली नाही, पुढच्या वर्गाची शीट उघडली.

८ नोव्हेंबर, शनिवार

ताईचा फोन. पोर्टलवरची माहिती तिनं स्वतः भरली, सरांनी फक्त तपासली. आता शाळेतल्या जुन्या संगणकाकडे तिची नजर वळली आहे. त्यावर पोर्टल उघडत नाही, दर वेळी 'सुरक्षित नाही' असा इशारा येतो. कोपऱ्यातली तारीख वाचायला सांगितली. २०१५ ची निघाली. मदरबोर्डवरचा गोल सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रं त्या तारखेला बसत नाहीत. सीआर२०३२, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानात मिळेल म्हटलं. "बसवायचा कसा तेवढं सांग, मीच बसवते," म्हणाली. वायर काढायची, मगच झाकण, आणि सेल बसवताना अधिकची खूण वर, एवढं तिनं लिहून घेतलं.