उतरताना घाई नको

घाट चढताना गाडीचा कस लागतो आणि उतरताना चालवणाऱ्याचा, असं आमचे अब्बा म्हणतात. त्यांची सारी नोकरी एस.टी. चालवण्यात, बहुतेक कुंभार्ली घाटात गेली. आम्ही दोघं नवरा-बायको म्युनिकला राहतो. गेल्या जुलैत अब्बा-अम्मी आमच्याकडे आले, तेव्हा त्यांना इटलीतला स्टेल्व्हिओ घाट दाखवायचं ठरवलं.

आल्प्समधला हा घाट 2,757 मीटर उंच, म्हणजे नऊ हजार फुटांच्या वर. हिवाळ्यात बर्फामुळे बंदच असतो. लोंबार्डी प्रांताशी दळणवळण राहावं म्हणून ऑस्ट्रियाच्या बादशाहीने 1820 ते 1825 या काळात तो बांधला. इंजिनिअर होते कार्लो दोनेगानी. प्रातो गावाकडून चढताना 48 अरुंद वळणं लागतात आणि प्रत्येकाला नंबर आहे.

सफरीची दुआ पढून आम्ही निघालो. अवघड जागी वरून येणारी गाडी थांबून आम्हाला वाट देई. चढणाऱ्याला आधी वाट, हा आपल्याकडच्या घाटातलाही नियम. अब्बा खूश झाले. "मुलूख बदलला तरी घाटाची रीत तीच," म्हणाले.

माथ्यावर समोर ओर्टलरचं बर्फाळ शिखर. आम्ही तिथंच जोहर आणि असर जमा करून, कसर पढलो. पण विरळ हवेने अम्मीला दम लागला. तिला लवकर खाली न्यायला हवं होतं, म्हणून आमची घाई सुरू झाली.

अब्बांनी शांतपणे सांगितलं, "दुसरा गिअर टाका. गाडी इंजिनवर रोखा, ब्रेक फक्त वळणाआधी. मागच्याला घाई असेल तर बाजूला होऊन त्याला जाऊ द्या."

ब्रेकवर सतत पाय ठेवला की तो तापतो, त्यातलं तेल उकळतं आणि पेडल पोकळ लागतं. निम्म्या उतारावर एक गाडी कडेला उभी दिसली. चाकांतून धूर येत होता आणि मुलं घाबरून बाहेर उभी होती. बाप बाटलीतलं पाणी चाकावर ओतणार, इतक्यात अब्बांनी खुणेनेच त्याला थांबवलं. तापलेल्या डिस्कवर पाणी पडलं तर ती वाकू शकते. आपोआप थंड होऊ द्यावी.

खाली उतरेपर्यंत अम्मीचा श्वास नीट झाला, अल्हम्दुलिल्लाह.

तुमच्या घरात कुणी नवीन लायसन्स काढलं असेल, तर महाबळेश्वरला निघण्याआधी त्याला एवढं जरूर सांगा: ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.