घाट चढणारी पेटी

आमच्या घरात वयानं सगळ्यांत मोठी ती आहे. अंग सागवानी, कडा हातांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. मधल्या सप्तकातल्या पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या पडल्यात, कारण माणसांचा वावर तिथंच जास्त. पुढच्या चार खटक्यांपैकी एक कायमचा बाहेर आलेला आहे आणि तो आत ढकलायला कुणी जात नाही. वर्षभर ती खामगावच्या घरात, आतल्या खोलीत, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेली असते. डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की बुलढाण्याहून आत्याचा फोन येतो, "पेटी काढली का रे?" तिथून आमचा नाताळ सुरू होतो.

स्वभावानं ती मानी आहे. वऱ्हाडातला उन्हाळा तिला सोसत नाही. पारा चव्वेचाळीसवर गेला की लाकूड आक्रसतं, फटी पडतात आणि भात्यातली हवा भलतीकडूनच निघून जाते. पावसाळ्यात उलटं, पट्ट्या फुगून एकमेकींना अडतात. एक दाबली की शेजारचीही खाली जाते. दिवाळीनंतर मात्र हवा कोरडी आणि गार होते, आणि तिचा आवाज मोकळा होतो. कपाशीची वेचणी अर्धीअधिक उरकलेली असते, रात्री शेकोट्या पेटतात. त्या दिवसांत तिच्याइतकं गोड आमच्या घरात कुणी बोलत नाही.

तिला उघडायचा मान मोठ्या काकांचा. ते अंगणात सतरंजी टाकतात, वरची फळी काढतात आणि पितळी सुरांची रांग उन्हात चमकायला लागते. प्रत्येक सूर म्हणजे पितळेची एक बारीक जीभ, एका टोकाला जखडलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी. तिच्याखाली धुळीचा कण अडकला तरी ती मुकी होते. काका जुन्या पोस्टकार्डाची पट्टी कापून ती जिभेखालून अलगद फिरवतात. सूर उतरला असेल तर मोकळ्या टोकाला पात्यानं किंचित खरवडायचं, म्हणजे तो चढतो. चढला असेल तर बुडाशी खरवडायचं, म्हणजे उतरतो. हे खरवडणं इतकं बारीक असतं की काका त्या वेळी श्वाससुद्धा रोखून धरतात. घरातल्या लहानांना पहिलं काम मिळतं ते भाता मारायचं. काका पट्ट्या तपासत असतात आणि सहा-सात वर्षांचं पोर जोर लावून भाता हाणत असतं. मग ठरलेलं वाक्य येतं, "हळू मार ना बाप्पा. ते कुठी पळून नाही चालली." माझाही हात असाच तिच्या भात्यावर बसला, माझ्या वडिलांचाही.

पणजोबा मिशनच्या अनाथालयात वाढले. १८९९-१९०० च्या दुष्काळानं वऱ्हाडात किती घरं उठवली, याला गणती नाही. आईबाप गेलेली किती तरी लेकरं तेव्हा मिशनच्या दारात आली. अक्षर, सुतारकाम आणि गाणं या तिन्ही गोष्टी पणजोबांना तिथं मिळाल्या. साहेबलोकांचा पायानं भाता चालवायचा बाजा त्यांनी तिथंच पहिल्यांदा ऐकला. पण तो वाजवायला खुर्ची लागायची. मांडी घालून भजनाला बसणाऱ्यांच्या कामाची पेटी घडली ती कलकत्त्यात. हातानं भाता मारायची पेटी १८७५ च्या सुमारास द्वारकानाथ घोष यांनी तयार केली, असं मानतात. पणजोबांनी आपली पेटी कापसाच्या हंगामात मजुरी साठवून घेतली. खामगावची कापसाची बाजारपेठ तेव्हा भरात होती, जलंबहून फुटणारा रेल्वेचा फाटा १८७० मध्येच त्या कापसासाठी गावात आला होता.

पेटी आली, पण तिनं गायचं काय? सुरुवातीला इंग्रजी चालींवर बसवलेली मराठी गीतं होती. चाल साहेबाची आणि शब्द आपले, अशी ती ओढाताण. ती सोडवली नारायण वामन टिळकांनी आणि त्यांच्या आधी कृष्णाजी सांगळ्यांसारख्या कवींनी. टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१ चा. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढं अभंग, ओवी, भजन हे सगळं घेऊन ते चर्चमध्ये शिरले. तुकोबांवरची भक्ती त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवली नाही. आमच्या घरच्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाच्या प्रतीवर चिवड्याच्या तेलाचे डाग आहेत आणि समासात पेन्सिलीनं 'काळी दोन', 'पांढरी चार' अशा खुणा आहेत. त्यातल्या काही पणजोबांच्या हातच्या. टिळकांच्या गीतांची पानं सगळ्यांत जास्त फाटलीत. आकाशवाणीनं १९४० पासून तीस वर्षांहून अधिक काळ पेटीला दाराबाहेर ठेवलं, तिच्यात मींड निघत नाही म्हणून. गवयांच्या दृष्टीनं ते खरंही असेल. पण आमच्या वस्तीत त्या सगळ्या वर्षांत ती एकाही नाताळाला गप्प बसली नाही.

२०२२ साली पंचवीस डिसेंबर रविवारी आला आणि पुण्या-नागपूरची पोरं शुक्रवारी रात्रीच घरी पोचली. शनिवारी दिवसभर बायका करंज्या, चकल्या, अनारसे करत होत्या. आमचा फराळ दिवाळीचाच असतो, त्यात वेगळं काही नाही. अंगणात कामट्यांचा तारा टांगलेला. रात्री नऊला मंडळी निघाली. पेटी पट्ट्यानं गळ्यात अडकवून चुलतभाऊ पुढं, ढोलक आणि झांजा मागं. प्रत्येक दारात दोन गीतं, पाळकसाहेबांची किंवा वडीलधाऱ्यांची छोटी प्रार्थना, "जय ख्रिस्त", मग चहा. शेजारचे हिंदू-मुसलमान दार उघडून उभे राहतात; एका घरच्या आजी दरवर्षी पेटीला हात लावून नमस्कार करतात आणि मगच करंजी घेतात. बारा वाजता चर्चच्या पटांगणात सगळे जमले तेव्हा काकांच्या बोटांना थंडीनं बधिरपणा आला होता. त्यांनी हात बगलेत धरून गरम केले आणि पुन्हा पट्ट्यांवर ठेवले.

वसईच्या किनाऱ्यावरचा नाताळ मी पाहिला आहे. तिथं मध्यरात्रीचा मिस्सा, घरोघरची सांदणं, बँड, खारा वारा. तो नाताळ देखणा आहे. आमच्या जिल्ह्यात खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे ते लोणारचं. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण टिळकांचा जन्म त्या कोकणातला आणि त्यांची गीतं या काळ्या मातीत अशी रुजली की ती मुळात इथलीच वाटावीत. हे काम पेटीनं केलं, असं माझं ठाम मत आहे. पुस्तक कपाटात राहतं, पेटी दारोदार जाते.

रविवारी उपासना झाली, प्रीतिभोजनात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी झाली, आणि दुपारी पेटी जीपमध्ये बसली. घाटाखालची मंडळी त्या दिवशी घाटावर जातात, हा आमचा जुना शिरस्ता. बोथ्याच्या घाटात वळणं लागली की कुणीतरी तिला मांडीवर घेतं. एरवी सामान टपावर जातं. पेटी कधीच नाही. घाट चढला की हवा आणखी गार होते. बुलढाण्यात आत्याच्या ओसरीवर तिच्यासाठी चौरंग मांडलेला असतो. आत्या आता फारशा चालत नाहीत, गुडघे गेलेत. पण पेटी समोर आली की त्या पट्ट्यांवर हात ठेवतात आणि लहानपणी वडिलांनी शिकवलेलं भजन सलग, एकही शब्द न चुकता वाजवतात. भाता मारायला त्या दिवशी माझी मुलगी बसली होती. तिनं हळू मारला.

चर्चमध्ये आता कीबोर्ड आहे. पोरं तो मनापासून वाजवतात, त्याचा मला आनंदच आहे. फक्त त्याच्यासोबत पेटी बंद पडू नये, एवढंच वाटतं. कीबोर्डला वीज लागते. पेटीला हवा लागते आणि ती हवा माणसाच्या हातानं द्यावी लागते. म्हणून तिच्याभोवती माणसं बसतात, म्हातारी आणि लहान, एकाच सतरंजीवर.

अनेक मराठी घरांत, मग ती कुठल्याही धर्माची असोत, एखादी पेटी माळ्यावर पडून आहे. ती खाली उतरवा. भात्याचं कापड उंदरांनी कुरतडलं असेल, सूर गंजले असतील; तरी ती दुरुस्त होते. सूर लावून देणारे जुने कारागीर गावोगाव कमी होत चालले आहेत. ते आहेत तोवर तिला त्यांच्याकडं घेऊन जा, आणि घरातल्या सगळ्यांत लहान पोराला भात्यावर बसवा.