यंत्र तुंबले तेव्हा

आमच्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात भांडी धुण्याचे एक यंत्र आहे. आखातातून कायमचे परत आलेल्या एका कुटुंबाने ते आम्हांस दिले. डिशवॉशर हे त्याचे खरे नाव. आमच्या मावशी मात्र त्यास ‘पेटी’ म्हणतात. अशा यंत्राचे पेटंट अमेरिकेतील जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी 1886 साली मिळविले आणि 1893 च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते लोकांपुढे मांडले. सणाच्या दिवशी वीस पाहुण्यांची ताटे पडली आणि मावशींचे सांधे दुखू लागले, की आम्हांस त्या बाईंची आठवण होते.

गेल्या पावसाळ्यात एके रात्री काम संपल्याचा दिवा लागला, मावशींनी दार उघडले, तो तळाशी चार बोटे गढूळ पाणी! वर आंबूस वास. आम्ही डोकावून पाहिले आणि क्षणाचाही विचार न करता बोललो, “मावशी, भाताची शिते न झटकता तुम्ही ताटे आत ठेवता, त्याचे हे फळ.” मावशी काही बोलल्या नाहीत. पदर खोचून त्या मोरीपाशी बसल्या आणि साऱ्या ताटवाट्या त्यांनी हातांनी घासल्या. भांड्यांचा तो आवाज आमच्या खोलीपर्यंत येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राबरोबर आलेले माहितीपुस्तक घेऊन आम्ही स्वतःच दुरुस्तीस बसलो. या यंत्राची रचना साधी आहे. ते थोडेसेच पाणी आत घेते, पंपाने तेच पुनःपुन्हा भांड्यांवर उडविते, खरकटे तळाच्या गाळणीत अडविते आणि शेवटी ते पाणी एका नळीवाटे बाहेर लोटते. पाणी तुंबले, तर अडथळा या वाटेवरच कोठेतरी असला पाहिजे. गाळणीखालच्या खळग्यात थोडे स्वच्छ पाणी नेहमीच राहते. तो दोष नव्हे. त्यामुळे आतील रबर कोरडे पडत नाही.

प्रथम आम्ही बटण बंद करून प्लग काढला. वाचकांनीही हे विसरू नये. पाणी आणि वीज यांची संगत वाईट. मग वाटीने व फडक्याने पाणी उपसले, खालचा कप्पा बाहेर काढला आणि गाळणी फिरवून वर उचलली. भाताचे शीत शोधण्यास आम्ही मोठ्या उत्साहाने वाकलो होतो. निघाल्या त्या लिंबाच्या सात-आठ बिया आणि बाटलीवरच्या चिठ्ठीचा लगदा. बंगल्यात लिंबाचा चहा आमच्याखेरीज कोणी घेत नाही. औषधाची ती बाटलीही आम्हीच आत ठेवली होती.

गाळणी कोमट पाण्यात मऊ ब्रशाने धुतली. खळग्यात काचेचा तुकडा असू शकतो, म्हणून उघडे बोट न घालता चमच्याने तपासले. तेथे पंपाचे चक्र मोकळे होते. सर्व जागच्या जागी बसवून यंत्र थोडा वेळ चालविले. पाणी तसेच!

आता बेसिन. यंत्राची नळी बेसिनखालच्या वाकड्या नळास जोडलेली आहे. तो तुंबला तर यंत्रही तुंबते. एक बादली पाणी ओतून पाहिले. ते सरळ वाहून गेले. राहिली ती मागची नळी. यंत्र पुढे ओढले आणि आम्ही खजील झालो. आठवड्यापूर्वी धान्याच्या कपाटासाठी जागा करावी, म्हणून आम्हीच ते भिंतीशी रेटले होते. नळी भिंत आणि यंत्र यांमध्ये दुमडून चपटी झाली होती. ती सरळ केली, तिचा एक वळसा ओट्याखाली उंच बांधला, म्हणजे बेसिनचे घाण पाणी उलटे येऊ नये. यंत्र चालू करताच पाणी खळखळत निघून गेले.

मावशी दारात उभ्या होत्या. आम्ही म्हणालो, “मावशी, चूक आमची होती. काल उगाच बोललो.”

“जाऊ द्या, फादर,” त्या म्हणाल्या. “कपाट आलं त्या दिवसापासून पेटीचा आवाज बदलला होता. गुदमरल्यासारखी करायची. मी सांगणार होते.”

“मग सांगितले का नाही?”

“तुम्ही विचारलंच नाही.”

त्या सहजपणे बोलल्या, परंतु आम्हांस ते पुष्कळ लागले. रोज दोन वेळा त्या यंत्रापाशी उभे राहणाऱ्या बाईस एक प्रश्न विचारला असता, तर सकाळचे दोन तास वाचले असते आणि रात्रीचे ते कठोर शब्दही. पुस्तकात गाळणी, पंप, नळी असा तपासाचा क्रम दिला आहे. त्याच्याही आधी एक पायरी असावी, असे आता आम्हांस वाटते: जो ती वस्तू रोज हाताळतो, त्यास आधी विचारावे.

हल्ली लिंबाच्या बिया आम्ही स्वतः कचऱ्यात टाकतो. आणि पेटी कुरकुरली, की आधी मावशींना हाक मारतो.