तसबिरीचा घोटाळा

‘संशयकल्लोळ’ नाटक पुन्हा वाचलं. मोलिएरने १६६० साली पॅरिसला रंगवलेला संशयी नवरा, त्यावरून १७६१ मध्ये लंडनला आलेलं आर्थर मर्फीचं नाटक, त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांचं १८९३ चं गद्य ‘फाल्गुनराव’. गंधर्व नाटक मंडळीने तेच पदांसह ‘संशयकल्लोळ’ म्हणून केलं १९१६ मध्ये. देवल गेले तेही त्याच वर्षी. त्याची फार चुटपुट लागते.

भर रस्त्यात नायिका रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतात आणि नेमकं तेच त्यांच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या नजरेस पडतं. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर कृत्तिका उचलते, की लगेच नवऱ्याच्या डोक्यातही संशयाचा किडा वळवळतो. केवढी घट्ट वीण! बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव एकदा तरी पाहायला मिळायला हवे होते.

पण मला देवल मोठे वाटतात ते रेवतीमुळे. मूळ नाटकांतली नायिका चांगल्या घरची लेक; देवलांनी तिला नायकिणीची मुलगी केलं आणि प्रतिष्ठित अश्विनशेठला तिच्याशी लग्नाला उभं केलं. हसवता हसवता त्यांनी तिचा मान कुठेही कमी होऊ दिला नाही. त्या काळात हे धाडसच होतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.