गुमास्ता भिंतीवर, जबाबदारी कुणावर?

आपल्या वस्त्यांमधून आज कितीतरी माता-भगिनी पेशंटच्या कामाला जातात. कुणी त्यांना आयाबाई म्हणते, कुणी मावशी, तर कुणी केअरटेकर. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना पुसून काढणे, कूस बदलून देणे, डायपर बदलणे, भरवणे, वेळेवर गोळ्या देणे, रात्र-रात्र जागणे हे त्यांचे काम. घरे लहान झाली, मुले दूर गेली, नवरा-बायको दोघेही नोकरीला लागली. त्यामुळे या कामाची मागणी शहराशहरांतून वाढली आहे. पण घर आणि बाई यांच्यामध्ये बहुतेक वेळा एक तिसरा असतो. तो म्हणजे ब्युरो. घराकडून पैसे तो घेतो, बाईला पैसे तो देतो, कुठे जायचे आणि कधी सुटायचे हे तोच ठरवतो. मग काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण? या प्रश्नाचे उत्तर आपल्या भगिनींना आणि आपल्यासारख्या ग्राहकांनाही ठाऊक असले पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा या व्यवहाराशी दोन्ही बाजूंनी संबंध आला. २०२३ साली आमच्या मातोश्रींना पक्षाघात झाला आणि पुढे वर्षभर त्या अंथरुणावरच होत्या. आम्ही कारकून माणूस, पत्नीही नोकरीला. नाइलाजाने ब्युरोतून बाई ठेवावी लागली. बारा तासांच्या ड्युटीचे रोजचे ८०० रुपये ठरले. आलेल्या ताई मनापासून सेवा करणाऱ्या. एके दिवशी सहज विचारले, तेव्हा कळले की त्यांच्या हाती रोजचे ५५० पडतात. आमचा पेशा हिशेबाचा. महिन्याचे २४,००० आम्ही देतो, १६,५०० त्यांना मिळतात, ७,५०० ब्युरोकडे राहतात. ब्युरोने पैसे राखू नयेत असे आमचे म्हणणे नाही. जागेचे भाडे असते, फोन असतो, बदली बाई तयार ठेवावी लागते. पण त्या साडेसात हजारांच्या बदल्यात ब्युरोने अंगावर काय घेतले, हा खरा सवाल आहे.

ताईंच्या पगारातून दरमहा २०० रुपये ‘पी.टी.’ म्हणून कापले जात होते. पी.टी. म्हणजे व्यवसाय कर. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ आहे. साडेसोळा हजारांच्या पगारातून तो कापण्याचे काहीच कारण नव्हते. आम्ही ब्युरोच्या ऑफिसात जाऊन शांतपणे एवढेच विचारले की, हे पैसे कोणत्या चलनाने भरलेत ते दाखवा. चलन काही निघाले नाही. पुढच्या महिन्यापासून कपात मात्र थांबली.

त्या ऑफिसात भिंतीवर एक कागद काचेच्या चौकटीत लावलेला होता. “आमचं लायसन आहे साहेब,” असे मालक अभिमानाने म्हणाले. आम्ही जवळ जाऊन वाचले. तो गुमास्ता होता, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालचा कागद. वाचकहो, गुमास्ता एवढेच सांगतो की अमुक जागी अमुक नावाने धंदा चालतो. तो किराणा दुकानालाही मिळतो आणि केशकर्तनालयालाही. रुग्णसेवेचे शिक्षण, बाईची सुरक्षितता, पेशंटची काळजी यांबद्दल त्यात एक अक्षर नसते.

आता जरा तुलना करून पाहा. सोसायटीच्या गेटवर वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीसाठी २००५ सालचा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. राज्य सरकारचा परवाना घेतल्याशिवाय ती एजन्सी चालवता येत नाही. रखवालदारांचे प्रशिक्षण आणि पूर्ववृत्ताची पडताळणी त्यात सांगितली आहे. पण त्याच सोसायटीत चौथ्या मजल्यावर ऐंशी वर्षांच्या आजोबांना उचलून न्हाणीघरात नेणाऱ्या बाईला जो पाठवतो, त्याच्यासाठी आपल्या राज्यात असा वेगळा परवाना नाही. म्हणजे दाराबाहेरच्या माणसासाठी कायदा आणि दाराआतल्या माणसासाठी गुमास्ता!

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. दिल्ली सरकारने २०१४ साली घरकामगार पुरवणाऱ्या खासगी एजन्सींना परवाना घ्यायला लावणारा आदेश काढला. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले. घरी जाऊन वृद्धांची सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी व्हावी, त्यांच्यासाठी किमान दर्जा ठरवावा, असे त्यात होते. ते मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा बारगळले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करायला समिती नेमा, असे केंद्र सरकारला सांगितले.

परंतु वेगळा परवाना नाही म्हणून ब्युरोवर कसलीच जबाबदारी नाही, असे समजणे चूक आहे. हेच या लेखात आम्हाला ठासून सांगायचे आहे. ‘आम्ही फक्त पत्ता देतो’ हे ब्युरोवाल्यांचे ठरलेले वाक्य. ज्याने खरोखर फक्त पत्ता दिला आणि एकदाच कमिशन घेतले त्याची गोष्ट निराळी. पण जो दरमहा घराकडून पैसे घेतो, बाईचा पगार आपल्या हाताने देतो, तिची बदली करतो, खाडे कापतो, तो मालकासारखाच वागतो. आणि जो मालकासारखा वागतो त्याला मालकाची जबाबदारी झटकता येऊ नये.

ही जबाबदारी झटकली की काय होते ते आम्ही विहारात पाहिले. दर रविवारी वंदना झाल्यावर आम्ही काही कार्यकर्ते तिथे लोकांचे अर्ज, फॉर्म भरून देतो. गेल्या वर्षी एक भगिनी हात गळ्यात बांधून आल्या. एका घरी जाडजूड पेशंटला एकटीने उचलताना दोघीही घसरल्या आणि यांचे मनगट मोडले. घरवाले म्हणाले, “तुम्ही ब्युरोच्या.” ब्युरो म्हणाला, “काम त्यांच्या घरी झालं.” बाईंनी पिशवीतून कागद काढून आमच्यापुढे ठेवले. एक व्हिजिटिंग कार्ड आणि ‘डिपॉझिट’ म्हणून घेतलेल्या पैशांची एक पावती, बस्स. तीन वर्षे काम केले, पण त्यांचे नाव आणि ब्युरोचे नाव एकत्र असलेला दुसरा कागद नाही. १९ दिवसांचा पगारही अडकला होता. आम्ही लेखी अर्ज तयार केला, बँकेतल्या जमा रकमांची नोंद जोडली आणि सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कचेरीत दिला. त्यानंतर १९ दिवसांचे १०,४५० रुपये मिळाले. औषधपाण्याचा खर्च मात्र त्यांच्या पदरचाच गेला. डोरले मोडून त्यांनी तो भागवला.

त्या ब्युरोकडे चाळीसेक बाया कामाला होत्या. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या अशा आस्थापनेला ई.एस.आय.सी. म्हणजे कामगार विमा लागू होतो आणि सध्या २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार त्यात येतात. कामगाराची वर्गणी पगाराच्या पाऊण टक्का, मालकाची सव्वातीन टक्के. साडेसोळा हजारांवर हिशेब केला तर बाईचे महिन्याला सुमारे १२४ रुपये आणि मालकाचे सुमारे ५३७. एवढे भरले असते तर त्या भगिनीला उपचार मिळाले असते, हात बरा होईपर्यंत काही भरपाईही मिळाली असती. वीस किंवा अधिक कामगार असतील तर भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे पी.एफ., लागू होतो. चाळीस बाया म्हणजे दोन्ही लागू. एका बाईमागे साडेसात हजार राखणाऱ्याला ५३७ रुपये जड व्हावेत, याला काय म्हणावे?

कामाच्या तासांचेही तसेच. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आज आपली भगिनी बारा तासांची ड्युटी सुट्टीवाचून सातही दिवस करते, तेव्हा तिचा आठवडा ८४ तासांचा होतो. चोवीस तासांची ड्युटी करणारीचा हिशेब तर विचारूच नका. थकलेल्या हाताने पेशंट उचलला की दोघांच्याही जिवाला धोका. म्हणून साप्ताहिक सुट्टी आणि बदली बाई देणे ही ब्युरोची मेहेरबानी नाही, ती सेवेचाच भाग आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातील वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे. काम सोडले किंवा काढून टाकले तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता केला पाहिजे. कामगाराला नेमणूकपत्र देण्याची गोष्टही आता संहितेत आली आहे. तेव्हा भगिनींनो, कामाला लागताना नेमणूकपत्र मागा. पगार बँकेतच घ्या. मूळ दाखले किंवा आधार कार्ड कुणाच्याही कपाटात ठेवू नका, झेरॉक्स द्या. आपल्या हजेरीची वही आपण स्वतः लिहा. तारीख, घर, आल्या-गेल्याची वेळ. वही लिहायला शाळा फार लागत नाही, सवय लागते.

आणखी एक गोष्ट बोलायला संकोच वाटतो, पण बोललीच पाहिजे. परक्या घरात, बंद दाराआड काम असते. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ब्युरोने अंतर्गत समिती नेमायची असते. जिथे ती नाही तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. तक्रार करणाऱ्या बाईला दुसरे काम न देणे हा काही ब्युरोंचा उपाय असतो. तो उपाय नव्हे, शिक्षा आहे. तसेच ‘जात कोणती?’ असे विचारून बाई पसंत करणारी घरे अजून आहेत. आडनाव बदलून सांग, असा सल्ला देणारे ब्युरोही आहेत. ज्या हातांनी तुमच्या वडिलांना घास भरवायचा, त्या हातांची जात विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला नकार देण्याची हिंमत ब्युरोने दाखवली पाहिजे.

ग्राहक म्हणूनही आपली बाजू आहे. आपल्या घरीही म्हातारी माणसे आहेत. इंजेक्शन देणे, सलाईन लावणे हे शिकलेल्या नर्सचे काम. अशी नर्स महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदलेली असली पाहिजे. ब्युरो नर्सचे पैसे घेऊन न शिकलेली बाई पाठवत असेल तर ती पेशंटची फसवणूक आहे आणि त्या बाईलाही संकटात ढकलणे आहे. म्हणून ठरवतानाच लेखी घ्या: कोण येणार, काय करणार, काय करणार नाही, सुट्टीच्या दिवशी कोण, डिपॉझिट केव्हा परत. औषधांची वही पेशंटच्या उशाशी ठेवा आणि दोन्ही पाळ्यांच्या सह्या घ्या. पैशांची पावती घ्या. पैसे घेऊन सेवा देणाऱ्या ब्युरोविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेसाठी तिथे फी लागत नाही. मात्र ब्युरोची चूक बाईच्या अंगावर काढू नका.

आता आमच्या वस्तीतल्या बचत गटातील काही भगिनी विचारू लागल्या आहेत की, दुसऱ्याच्या ब्युरोत राबण्यापेक्षा आपणच ब्युरो का काढू नये? जरूर काढावा. निरनिराळ्या कुटुंबांतील दहा जणी एकत्र आल्या तर १९६० च्या कायद्याखाली सहकारी संस्थाही नोंदवता येते. पण आम्ही त्यांना पहिल्याच बैठकीत सांगितले की, बोर्ड रंगवण्याआधी वह्या घ्या. हजेरीपट, पगारपत्रक, पावतीपुस्तक आणि तक्रारवही. गुमास्ता करा, संस्थेच्या नावाने बँकेत खाते उघडा, वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या वर गेली तर जी.एस.टी.ची नोंदणी लागते हे ध्यानात ठेवा. दर ठरवताना विमा, पी.एफ. आणि साप्ताहिक सुट्टीचा खर्च आधी धरा, मग आपला हिस्सा. तसे केल्यास दर थोडा चढा होईल, काही गिऱ्हाइके फिरतीलही. पण कामावर एखादीचा हात मोडला तर तिला डोरले मोडावे लागणार नाही.

हे ऐकून त्यातील एका आजीबाईंनी विचारले, “मग त्यात आपल्याला उरणार किती?” रास्त प्रश्न आहे. आम्ही कागदावर मांडून दाखवले: आमच्याच घरचा दर धरला, म्हणजे ८०० रुपये रोज, तर बाईला ६५० देऊन, विमा आणि पी.एफ.चा मालकाचा वाटा भरूनही थोडे उरते. फार नाही, पण उरते. आजीबाईंनी तो कागद घडी घालून कनवटीला लावला. पुढची बैठक येत्या रविवारी वंदनेनंतर आहे. ज्या भगिनी पेशंटच्या कामाला जातात त्यांनी आपापली हजेरीची वही घेऊन यावे. वही नसेल तर कोरी आणावी, पहिले पान आपण मिळून लिहू.

जयभीम!