एडिसनच्या गावात मिरचीची रोपे

न्यू जर्सी राज्यातील एडिसन हे गाव आपल्यापैकी अनेकांना नकाशावर शोधावे लागत नाही. कुणाचा मुलगा, कुणाची पुतणी, कुणाचे व्याही तिथे राहतातच. तिथल्या ओक ट्री रोडवर ज्वारीच्या पिठापासून कढीपत्त्यापर्यंत सारे मिळते. थॉमस एडिसनची प्रयोगशाळा याच गावाच्या मेन्लो पार्क भागात होती आणि त्याचा विजेचा दिवा १८७९ मध्ये तिथेच यशस्वी झाला. त्या जागी एक मनोरा असून त्याच्या माथ्यावर काचेचा भलामोठा दिवा बसवलेला आहे. गावाला एडिसनचे नाव १९५४ मध्ये मिळाले. इतके पाहून झाले की पाहुण्याची पर्यटनाची यादी बहुधा संपते.

परंतु भारतातून सहा महिन्यांसाठी गेलेल्या आई-वडिलांना हे गाव हिवाळ्यात कसे दिसते, ते त्या यादीत येत नाही. फेब्रुवारीत दिवस जेमतेम साडेदहा-अकरा तासांचा असतो. मुले कामावर, नातवंडे शाळेत. पायऱ्यांवर बर्फाचा पातळ, न दिसणारा थर. अशा वेळी ज्येष्ठांचे जग खिडकीच्या चौकटीएवढे होते. मी गेल्या हिवाळ्यात ताईकडे तीन आठवडे राहिलो, तेव्हा तिच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सारे माई म्हणतो, अशाच एका खिडकीपाशी बसलेल्या असत. वय ७८, मधुमेह पंधरा वर्षांचा, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. जानेवारीत अंगणात पाय घसरला होता. हाड मोडले नाही, पण धीर मोडला. दुपारी झोप, रात्री जाग, जेवण अर्ध्यावर आणि दिवसातून चार वेळा एकच प्रश्न, “माझं तिकीट अलीकडचं करता येईल का रे?”

वृद्धांच्या अशा अवस्थेला घरचे लोक ‘करमत नाही’ म्हणून सोडून देतात. तसे करू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि रस उडालेला असेल, तर ते नैराश्य असू शकते. थायरॉइड, ब१२ जीवनसत्त्व आणि चालू औषधे तपासून घ्यावीत. माईंच्या बाबतीत तिथल्या डॉक्टरांकडून तपासण्या झाल्याच. मिरचीचे बी हे उपचाराच्या जागी नव्हते. त्याच्या शेजारी होते.

आता मिरचीच का? त्या सुमारास तिथल्या दुकानांत बियांच्या पाकिटांची मांडणी लागते. मिरचीला थंडी सोसत नाही, आणि तिथे दहिवर एप्रिलअखेर, कधी मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतही पडते. म्हणून आठ ते दहा आठवडे आधी, म्हणजे फेब्रुवारीअखेरीस किंवा मार्चच्या आरंभी, बी घरातच पेरतात. आपल्याकडे उघड्या वाफ्यावर होणारे काम तिथे स्वयंपाकघरातल्या टेबलावर होते. ताईच्या लेकीने लांबट, तिखट केयेन मिरचीचे पाकीट आणले होते. बी भारतातून नेण्याचा मोह मात्र कुणी धरू नये. पेरणीचे बियाणे परवान्यावाचून नेता येत नाही आणि विमानतळावर ते काढून घेतात. मिरची मूळची मेक्सिकोकडची आणि आपल्याकडे ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आली, असे मी माईंना सांगितले. त्या म्हणाल्या, “म्हणजे ही आपल्या माहेरी आलीय. व्हिसा मलाच लागतो.” कित्येक दिवसांनी घरात कुणी हसले होते.

पेरणी सोपी आहे, पण ती कुठे आणि कशी करता यावर ज्येष्ठांची सुरक्षितता अवलंबून असते. ट्रे टेबलाच्या उंचीवर ठेवा आणि खुर्चीत बसून काम करा. वाकून उठताना ज्यांचा रक्तदाब उतरतो, त्यांनी जमिनीवर मांडामांड करूच नये. कुंडीच्या मातीची पिशवी चेहऱ्यापासून दूर धरून सावकाश उघडा आणि धूळ उडण्याआधी माती ओलसर करा, कारण अशा मातीत क्वचित लिजिओनेला नावाचे न्यूमोनियाचे जंतू असतात. स्टेरॉइड, केमोथेरपी किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेल्यांनी माती भरण्याचे काम घरातल्या दुसऱ्याकडे द्यावे. कधी कधी बियांवर बुरशीनाशकाचा रंगीत लेप असतो. घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल, तर ते पाकीट त्याच्या हाती एकटे सोडू नये.

बी अर्धा सेंटीमीटर खोल टाकायचे, वर पातळ प्लास्टिक झाकायचे आणि ट्रे उबेत ठेवायचा. मिरचीच्या बियांना २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. तिथल्या घरांत हवा साधारण २० अंशांवर ठेवतात आणि रात्री खिडकीची कड तर त्याहून थंड असते. तिथे बी नुसते पडून राहते. उबेसाठी रोपांकरिता बनवलेली चटईच वापरा. कंबर शेकण्याची विजेची पिशवी ओल्या ट्रेखाली ठेवणे धोक्याचे आहे. उगवण आठ ते चौदा दिवसांत होते, कधी तीन आठवडेही लागतात.

बाराव्या दिवशी सकाळी माई सहाला उठून स्वयंपाकघरात गेल्या. आदल्या रात्रीही त्या उठल्या होत्या, पण या वेळी कारण होते. पाच अंकुर मान वाकवून वर आले होते. त्या दिवसापासून प्लास्टिक काढले आणि दिवा लावला, कारण खिडकीतला मार्चचा उजेड पुरत नाही आणि रोपे लांबुडकी, लेचीपेची होतात. साधा एलईडी दिवा रोपांच्या दहा-बारा सेंटीमीटर वर, रोज चौदा ते सोळा तास. दिव्याची तार भिंतीच्या कडेने न्या. चालण्याच्या वाटेत ती नको. दिवा झोपण्याच्या खोलीत ठेवू नका, रात्रीच्या उजेडाने झोप आणखी बिघडते. सकाळी त्याच टेबलापाशी, खिडकीजवळ बसून चहा घेतला, तर तो प्रकाश शरीराच्या घड्याळालाही उपयोगी पडतो.

पाण्याचा हात मात्र आखडता हवा. प्रेमाने रोज भरपूर पाणी घातले, की रोप मातीलगत कुजून आडवे होते. माईंची दोन रोपे अशी गेली. मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागेपर्यंत थांबायचे, असे ठरले. मधुमेहामुळे माईंच्या बोटांची संवेदना कमी झालेली, म्हणून त्या नातीला बोट लावायला सांगत. दुपारच्या झोपेची वेळ नात शाळेतून येण्याच्या वेळेशी जुळेना, तेव्हा झोपच मागे सरली. रात्रीची जाग पूर्ण गेली नाही. दोन वाजताची चारवर आली. मी परतलो तेव्हा तिकिटाचा प्रश्न दिवसातून एकदा येत होता.

तिकीट ठरल्याप्रमाणे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातले होते. म्हणजे रोपे बाहेर लावण्याच्या आधीच माई निघणार होत्या. त्यांनी एका वहीत नातीसाठी लिहून ठेवले: आधी रोज तासभर सावलीत, मग थोडे उन्हात, आठ-दहा दिवस असे करून रात्रीचा गारवा बारा अंशांच्या खाली जाईनासा झाला की मोठ्या कुंडीत. शेवटी खूप ठळक अक्षरांत, मिरची हाताळल्यावर साबणाने हात धुणे. डॉक्टर म्हणून मी त्यात एवढीच भर घातली, की तिखटाचा अंश तेलकट असतो, नुसत्या पाण्याने तो जात नाही, म्हणून डोळ्यांत थेंब घालणाऱ्यांनी थेंब आधी घालावेत आणि मिरचीला नंतर हात लावावा. डोळ्यात गेलेच, तर चोळू नका; स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा.

जुलैत पहिली मिरची लागली, तेव्हा नातीने ती फोनच्या पडद्यासमोर धरली. माई सांगलीत होत्या. त्यांनी ती देठासकट तोडायला सांगितली आणि हात धुतलेस का, असे तीनदा विचारले.