मास्तरांचा कोठा

आमच्या कुटुंबाची एक मालमत्ता अशी आहे, की तिची किंमत कोणी विचारली तर आम्हांला सांगता येत नाही, आणि वर्णन केले तर ऐकणाऱ्याला हसू येते. धाराशिव जिल्ह्यात येडशीजवळ, बालाघाटाच्या कडेला, माळरानावर एक दगडी खोली आहे. वर पत्रे, पुढे पडवी, शेजारी एक आड. वीज नाही. गावातले लोक तिला अजूनही 'मास्तरांचा कोठा' म्हणतात. मास्तर म्हणजे आमचे बाबा. त्यांना जाऊन आता तीसहून अधिक वर्षे झाली, पण नाव पुसले गेले नाही.

बाबा वसईचे. रेल्वेच्या नोकरीत बदली होऊन १९६१ साली ते येडशी स्टेशनावर आले. तेव्हा तेथून बारशी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी जात असे. इंग्रज कंपनीने १८९७ साली बार्शीपर्यंत सुरू केलेली ही लाइन १९११ मध्ये लातूरला पोहोचली. गाड्या दिवसाकाठी मोजक्याच, म्हणून मास्तरांना सवड भरपूर. समुद्राकाठच्या माणसाला या उघड्या माळाचे पहिल्यांदा भय वाटले असावे. पुढे त्याचेच वेड लागले.

कोठा बांधला गेला १९६३ साली, तिघांच्या भागीदारीत. जमीन पाटीलकाकांची, पत्रे आणि लाकूड बाबांच्या पैशाचे, आणि हात मिस्त्रीचाचांचे. हेतू शिकारीचा. बाबांकडे परवान्याची एकनळी बंदूक होती. तितर, लाव्हे, क्वचित ससा, एवढीच त्यांची झेप. गंमत अशी, की भागीदारांपैकी पाटीलकाका गळ्यात तुळशीची माळ घालणारे वारकरी! ते मांसाला शिवत नसत. "मग तुम्ही शिकारीला कशाला येता?" असे आम्ही मुलांनी विचारले की म्हणत, "मास्तर वाट चुकतील, म्हणून." कोठ्यात त्यामुळे आरंभापासून दोन चुली होत्या, एक पडवीत, एक आत. दोन्ही चुलींवरचे जेवण मात्र एकाच पंगतीला होई.

वाट खरोखर दाखवी तो चौथा माणूस. तो जातीने फासेपारधी. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. गवताची मोडलेली काडी पाहून ससा कोणत्या बाजूला गेला, हे ते सांगत. पिंजऱ्यातला पाळीव तितर झुडपाआड ठेवून रानातले तितर बोलावण्याची त्यांच्या लोकांची जुनी विद्या आहे. तात्यांना पिंजराही लागत नसे, ते स्वतःच्या गळ्यातून तितराचा आवाज काढीत. कोठ्याची राखण त्यांच्याकडे होती. भागीदारीच्या कागदावर मात्र त्यांचे नाव नव्हते.

शिकार फार वर्षे चालली नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना त्याचे वर्णन सांगायला नको. गावेच्या गावे खडी फोडायला गेली, लोकांनी सुकडी आणि परदेशातून आलेला मिलो खाल्ला. त्या उन्हाळ्यात कोठ्याच्या आडाला हातभर पाणी उरले होते. बाबा पहाटे बंदूक घेऊन पडवीत बसले असता तितरांची एक रांग आडाकडे आली. पक्षी माणसाला भ्यायचे विसरले होते. पोहऱ्यातून सांडून दगडाच्या खळग्यात साचलेल्या पाण्यावर त्यांनी चोची टेकल्या. बाबांनी बंदूक आडवी मांडीवर ठेवली आणि ती पुन्हा कधी उचलली नाही. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. पण बाबांची बंदूक कायद्याच्या आधी थांबली होती, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पुढे ती त्यांनी सरकारजमा केली आणि मिस्त्रीचाचांकडून आडाजवळ एक दगडी डोणी घडवून घेतली. कोठ्यात जो येईल त्याने आधी डोणी भरायची आणि मग स्वतः पाणी प्यायचे, हा नियम तेव्हापासूनचा.

शिकारीविना शिकारखाना उरला, आणि खरे सुख तेव्हाच सुरू झाले. नाताळ झाला, की वसईहून आम्ही निघत असू. सोलापूरच्या गाडीने कुर्डुवाडी, तेथून त्या चिमुकल्या गाडीत बसून येडशी. सोबत घरची सुकेळी आणि नाताळच्या फराळाचे डबे. त्या दिवसांत माळाच्या खालच्या काळ्या रानात ज्वारी हुरड्याला आलेली असते. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजावीत, हात पोळत चोळावीत, आणि हिरवे दाणे लसणाच्या चटणीबरोबर किंवा गुळाबरोबर खावेत. पाटीलकाकांच्या घरचे दही येई, मिस्त्रीचाचांच्या घरून मटणाचे डेग येई, तात्यांची कारभारीण पातळ भाकरी थापी. वसईची सुकेळी येडशीच्या मुलांच्या हातात आणि येडशीचा हुरडा वसईच्या मुलांच्या हातात, असा तो व्यवहार चाले. परतताना गाठोड्यात ज्वारी आणि खवा.

रात्री कंदील पडवीत टांगला, की आई रोझरी सुरू करी. पाटीलकाका हात जोडून बसत आणि संपल्यावर आपला हरिपाठ म्हणत. मिस्त्रीचाचांची नमाज त्याआधीच झालेली असे. कोणी कोणाला काही समजावून सांगत नसे. मग दिवा बारीक करायचा आणि ऐकायचे. टिटवी, रातवा, दूरवर कोल्हे, आणि एखाद्या रात्री लांडगा. लांडग्याचा स्वर ज्याने ऐकला नाही त्याला तो क्रूर वाटतो. ऐकल्यावर तो एकाकी वाटतो. पावसाळ्यात आलो तर रामलिंगच्या घळीत जायचे. तेथे दाट झाडीत महादेवाचे देऊळ आहे आणि पावसात कड्यावरून पाणी कोसळते. जटायूने रावणाला येथेच अडवले, असे लोक सांगतात. हे रान १९९७ साली अभयारण्य झाले. जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचे, पण मोर आणि माकडांना ते पुरते.

सामाईक घर चालवायचे तर नियम लागतात. बाबांनी रेल्वेच्या शिस्तीने एक वही ठेवली होती. येणाऱ्याने तारीख लिहावी, जाताना पुढच्यासाठी सरपण आणि भरलेला हंडा ठेवावा, आणि कोठ्यातली वस्तू बाहेर नेली तर नोंद करावी. वहीत मोडी वळणाची पाटीलकाकांची अक्षरे आहेत, बाबांची रेल्वेछाप मराठी आहे, आणि मिस्त्रीचाचांची उर्दू आहे. निजामाच्या राज्यात ते शाळेत गेले, तेव्हा शिक्षण उर्दूतून होते.

आता जे लिहायचे आहे ते लिहिणे कठीण आहे. वाचकहो, येथवर 'आम्ही' म्हणताना आम्हांला सुख वाटले. यापुढे त्याच शब्दाची लाज वाटते.

बाबा १९९० साली गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि आमच्या जिल्ह्यातले सास्तूर, लोहारा, उमरगा हा भाग उद्ध्वस्त झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. झोपलेली माणसे आपल्याच घराखाली गाडली गेली. आमच्या कोठ्याला एक चीर पडली, पत्रे हलके म्हणून तो उभा राहिला.

त्या वर्षी नाताळनंतर आम्ही भावंडे कोठ्यावर पोहोचलो, तर आत काही नव्हते. सतरंज्या, घोंगड्या, दोन्ही कंदील आणि आजीचा तांब्याचा हंडा, सारे गेले होते. दाराचे कुलूप शाबूत. म्हणजे किल्लीने उघडलेले. एक किल्ली आमच्याकडे, एक पाटीलकाकांकडे, एक मिस्त्रीचाचांकडे आणि एक तात्यांकडे. पाटीलकाकांना विचारले, त्यांना ठाऊक नव्हते. मिस्त्रीचाचा गावात नव्हते. तात्याही काही दिवस सासुरवाडीला जाऊन नुकतेच परतले होते, ते म्हणाले, "मला ठावं न्हाई." आम्ही वही उघडली. शेवटच्या पानावर उर्दूत दोन ओळी होत्या. मिस्त्रीचाचांचा दुरुस्तीचा हिशेब असेल, असे समजून आम्ही वही मिटली.

आमच्यापैकी एकाने ठाण्यात जाऊन तात्यांचे नाव सांगितले. कोणी, ते येथे लिहीत नाही. कारण बाकीच्यांनी त्याला अडवले नाही. गप्प राहणाऱ्यांनाही मोजावे लागते, म्हणून 'आम्ही' हाच शब्द खरा आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, त्यांत पारधीही आले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि ही माणसे विमुक्त झाली. कागदावरचा तो शिक्का आमच्या मनात किती ताजा होता, ते त्या दिवशी कळले. चार किल्ल्यांपैकी तीन किल्ल्यांवर आमचा विश्वास होता. चौथीसाठी आम्हांला पुरावा लागला नाही.

तात्यांना त्या रात्री ठाण्यात बसवून ठेवले. तेथे काय झाले, ते त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्हांला विचारण्याचे धैर्य झाले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रीचाचा आले. ते सास्तूरला होते. तीन महिने ते तेथे पत्र्यांचे निवारे उभारीत होते, आणि मधे एकदा येऊन त्यांनी कोठ्यातले सारे अंथरूण-पांघरूण, कंदील आणि हंडा तिकडे नेला होता. वहीतल्या त्या दोन ओळी त्यांनी आम्हांला वाचून दाखवल्या. तारीख होती, वस्तूंची यादी होती, आणि पुढे लिहिले होते की मास्तर असते तर त्यांनीच पाठवले असते.

पाटीलकाका आणि चाचा आमच्याबरोबर ठाण्यात आले. तात्या बाहेर आले. कमरेची किल्ली सोडून त्यांनी ती चाचांच्या हातात दिली आणि आमच्याकडे न पाहता ते निघून गेले.

वेदीपुढे दान ठेवण्याआधी भावाशी समेट करावा, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या उपवासकाळात चर्चमध्ये बसवेना. १९९४ च्या पवित्र सप्ताहाआधी आम्ही सारी भावंडे, बरोबर आईला घेऊन, येडशीला गेलो. तात्यांच्या पालासमोर उभे राहिलो. आईने बोलायला सुरुवात केली, पण तिला शब्द सुचेनात. तात्यांनी तिला बसायला पोते टाकले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, "माय, किल्ली मी घेनार न्हाई. तुमी कुलूपच काढा. कुलूप हाय तंवर चोर हाय."

माफ केले, असे ते म्हणाले नाहीत. आम्हीही ते शब्द मागितले नाहीत. त्याच संध्याकाळी कुलूप काढले. कोयंडा अजून आहे, त्यात एक काडी अडकवतात, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. तीस वर्षांत कोठ्यातून काही गेले नाही, असे म्हणणार नाही. एक तवा गेला, एकदा सरपण गेले. ज्याला गरज होती त्याने नेले असेल. मात्र कितीतरी वेळा आम्ही आलो तेव्हा डोणी भरलेली होती आणि भरणारा कोण, ते कळले नाही.

तात्या पुन्हा कोठ्यावर येऊ लागले, पण राखणदार म्हणून नव्हे. आले की वहीत त्यांचे नाव आम्ही लिहीत असू, आलेल्यांच्या यादीत, आमच्या नावांच्या खाली-वर, जसे येतील तसे.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष, म्हणून वसईहून पुष्कळ मंडळी आली. त्यांतले आठजण आमच्या कोठ्यात उतरले. हुरडा ऐन भरात होता. फादर २०२४ मध्ये गेले. त्या तीन दिवसांची आठवण काढताना ती मंडळी संमेलनाइतकीच या आगटीची आठवण काढतात. आता जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले आहे, अरुंद रुळांची गाडी जाऊन मोठी लाइन आली, आणि महामार्ग रुंद झाल्यापासून जमिनीला भाव आला आहे. कोठा विकावा का, असा विषय मधून मधून तिन्ही घरांत निघतो. तिन्ही घरांत म्हणताना आम्ही अडखळतो. त्या घरांत चौथे घर धरायला हवे, आणि कागदावर ते अजून धरलेले नाही. पाटीलकाकांच्या मुलांशी ते बोलणे सुरू आहे. आमच्या हयातीत ते पुरे व्हावे, एवढी प्रार्थना आहे.

गेल्या हिवाळ्यात तात्यांची नात आली होती. ती परिचारिकेचे शिक्षण घेते आहे. जुनी वही चाळताना ती त्या उर्दू ओळींवर थांबली आणि विचारू लागली, "हे काय लिहिलंय?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. मग तिला सारे सांगितले. ओळी, ठाणे, ती रात्र आणि आम्ही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. तिला ते आधीच ठाऊक होते की नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही. निघण्याआधी तिने पेन घेतले, त्या दिवसाची तारीख घातली आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिले, "हंडा भरला. डोणी भरली. सरपण आहे."